मावळेपर्यंत रविवार

मार्चच्या अखेरीला कोल्डब्रुक गावाच्या वाटेवर बर्फ आणि चिखल यांची भागीदारी असते. सकाळी घसरून पडायचं आणि दुपारी रुतून बसायचं, एवढाच काय तो फरक. शुक्रवारी असाहेल बैल घेऊन करवतगिरणीवरून परतला तेव्हा बैल पोटापर्यंत चिखलानं भरले होते आणि त्याचं तोंड त्यांच्याहून वाईट दिसत होतं. जेरुशानं ते दारातूनच ओळखलं. रागावलेल्या नवऱ्याला आधी खायला घालावं, मग विचारावं, एवढं ती संसारात शिकली होती. तिनं भाकर आणि खारवलेल्या डुकराचा तुकडा पुढं ठेवला.

असाहेलनं भाकर मोडली, पण तोंडात घातली नाही.

"ओंडक्यांवर बाण मारलाय," तो म्हणाला. "समद्यांच्या. आपल्याबी."

तो सगळा हिवाळा त्यानं पाइन तोडण्यात घालवला होता. तोडायचे, बर्फावरून बैलांनी ओढायचे आणि ओढ्याकाठी ओबेडच्या गिरणीवर नेऊन रचायचे. गारठ्यानं त्याची दोन बोटं काळी पडली होती, त्यातल्या एकाचं नख अजून आलं नव्हतं. वर्षाचं मीठ, नांगराचा फाळ, म्हाताऱ्या सासूचं औषध, सगळं त्या ओंडक्यांवर होतं.

एका फुटाहून जाड पांढरा पाइन राजाचा, असा कायदा होता. राजा राहायचा समुद्रापलीकडे इंग्लंडात आणि त्याच्या जहाजांना डोलकाठ्या लागत. झाड इथल्या माणसाच्या रानात वाढायचं, पानगळ त्याच्या अंगणात करायचं, आणि तोडायचा हक्क मात्र राजाचा. राजाचा अंमलदार खोडावर हातकुऱ्हाडीचे तीन घाव घाली, बाणाच्या टोकासारखे. गावातले लोक त्याला कावळ्याचा पाय म्हणत आणि अंमलदाराला बाणवाला. आजवर कायदा बंदरावरच्या कचेरीत पडून होता आणि कुऱ्हाडी रानात चालत होत्या. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. आता कचेरीला जाग आली होती.

"दंड भरा, न्हाईतर लाकूड जप्त," असाहेल म्हणाला. "आन दंड कोन ठरवनार? बंदरावरचा राजाचा न्यायाधीश. तिथं ना शेजारी पंच, ना गावचं कुनी. आपल्याच रानात आपुन चोर."

"बाणवाला त्योच का, गेल्या सालचा?"

असाहेलनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "न्हाई. त्यो ग्येला. नवा आलाय." थोडा वेळ तो भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. "तुजा लिफ."

जेरुशाला वाटलं, चूल विझली की काय. पण चूल नीट जळत होती.

एलिफलेट हे त्याचं पूर्ण नाव. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि जेरुशा बारा. बापाकडे रुंद फळी नव्हती. त्यानं पडक्या गोठ्याच्या फळ्या जोडून तिला पुरायची पेटी केली, ती सांध्यासांध्यांतून उघडी राहिली. थडग्याशी उभ्या लिफनं विचारलं होतं, "अक्का, आईला वारं लागंल का?" जेरुशानं कमरेचा फडका सोडला, फाडला, आणि पेटी खाली सोडायच्या आधी फटींत बोटानं कोंबला. त्या दिवसापासून तिनंच त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं तसा तो बंदरावर एका व्यापाऱ्याकडे गेला, मग कचेरीत, मग सुटीलाही यायचा बंद झाला.

"त्याला ठाऊक नसंल आपली लाकडं हायती म्हून," ती म्हणाली.

"ठाऊक व्हतं. माज्याकडं बघून टोपी काढली आन मग घाव घातला." असाहेल उठला. "राजाचा मानूस हाय त्यो आता."

"माजा भाऊ हाय त्यो."

"त्येच तर म्हनतोय," असाहेल म्हणाला आणि बैलांना चारा टाकायला गेला.

चुलीजवळच्या खाटेवरून थँकफुल म्हातारी हे सगळं ऐकत होती. नावाचा अर्थ कृतज्ञ असा असला तरी म्हातारीच्या तोंडून आभाराचा शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता. थंडीपासून तिचे पाय गेले होते आणि छातीत सारखं घरघरत होतं.

"माज्या फळ्या हायती न्हवं वर?" तिनं विचारलं.

"हायती, आत्याबाई."

"बघून यी."

माळ्यावर तिच्या पेटीच्या फळ्या होत्या. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी एकच भलामोठा पाइन पाडून कापून ठेवलेल्या, दोन हात रुंद, एकसंध. त्यांच्यावर म्हातारी वर्षानुवर्षं सफरचंदाच्या फोडी वाळवत आली होती. जोडफळीत मी जायची न्हाई, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असे. इतरांना दागिना असतो, तशी तिला ती फळी होती.

शनिवारी जेरुशा पहाटेपासून साखरेसाठी मेपलचा रस आटवत होती. झाडांना लावलेल्या लाकडी बादल्या खांद्याच्या कावडीनं आणायच्या, कढईत ओतायच्या, जाळ घालायचा. वाफेनं तिचे केस चिकट झाले होते आणि बूट ओले. रस काही थांबत नाही, पण शनिवारी सूर्य मावळला की जाळ विझवावा लागतो. कोल्डब्रुकचा रविवार शनिवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि रविवारच्या सूर्यास्ताला सुटतो. तेवढ्या वेळात कुणी कुऱ्हाड उचलत नाही, प्रवासाला निघत नाही, कुणाला पकडत नाही, कुणावर हात टाकत नाही. आजोबा-पणजोबांपासून असंच चालत आलं होतं.

दिवस कलला तेव्हा लिफ आला. घोडा चांगला होता, कोटाला पितळी बटणं होती, आणि तोंड अजून लिफचंच होतं. जेरुशाला भरून आलं. तिनं चिकट हातांनीच त्याचे खांदे धरले.

"किती वाळलीस, अक्का," तो म्हणाला. त्याची बोली बंदरावरची झाली होती, सरळ आणि इस्त्री केलेली. "तुझ्यासाठी सुया आणल्या आहेत. इंग्लंडच्या आहेत, गंजत नाहीत."

तिनं त्याला आत बसवलं. मडक्यात घेवडा आणि डुकराचं मांस सकाळपासून काकवीत शिजत होतं. तो पोटभर जेवला, बोटं चाटली, म्हातारीची चौकशी केली. म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं.

"असाहेलला सांग, दंड निम्मा करून देईन," तो म्हणाला. "माझा शब्द चालतो तिथे. पण सगळ्यांनी हट्ट सोडला पाहिजे. अक्का, ही माणसं समजतात काय? राजाशी भांडून कुणाचं भलं झालंय?"

"भांडत कोन हाय? लाकूड तोडलं फकस्त."

"तेच ते." त्यानं हात पुसले आणि उठला. "घरं बघायचा हुकूम आहे. तुझं सोडलं तर लोक मला नावं ठेवतील. माळा कुठून?"

जेरुशा शिडीपुढं उभी राहिली. म्हणाली, वर काय हाय, उंदरं हायती. त्यानं लहानपणी सरकवायचा तसंच तिला हळूच बाजूला सरकवलं आणि वर गेला. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग सफरचंदाच्या फोडी खाली सांडल्याचा आवाज आला.

बाहेर सूर्य टेकडीला टेकला. जेरुशानं सवयीनं जाऊन कढईखालचा जाळ पसरला, वर राख ओढली. ती परत आत आली तोवर सूर्य गेला होता. रविवार लागला होता. आणि वर माळ्यावर कुऱ्हाडीचा घाव पडला. मग दुसरा, तिसरा.

"रविवारी?" म्हातारी खाटेवर उठून बसायला धडपडली. "ह्या घरात रविवारी कुऱ्हाड?"

लिफ शिडीवरून उतरला. बाहीवरचा भुसा झटकत होता. त्याच्या तोंडावर अपराधाची खूणही नव्हती. त्याच्या लेखी अजून शनिवार होता, बंदरावरच्या साहेबांचा शनिवार, मध्यरात्रीपर्यंत चालणारा.

म्हातारी म्हणाली, "बाळा, त्या माज्या पेटीच्या फळ्या हायती. राजाचा बाण छातीवर घिऊन देवापुढं उबी ऱ्हाऊ का मी? त्यो विचारंल, थँकफुल, तू कुनाची?"

"कायदा आहे, आजी." तो टोपी घालत दारात थांबला. बाहेर दोन शेजारी कुंपणाशी उभे राहून त्याच्या घोड्याकडे बघत होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि जेरुशाच्या कानाशी हसून बोलला, "चिडलेत. पण उद्या रविवार. रविवारी ही माणसं माशी मारणार नाहीत. उद्याची रात्र सराईत निवांत झोपतो आणि सोमवारी उजाडताना निघतो. चिखलही जरा आळलेला असेल."

लिफ विसरला होता. ज्या गावात तो सूर्यास्ताला प्रार्थना म्हणायला शिकला, त्या गावाचा रविवार तो विसरला होता. उद्या सूर्य मावळला की रविवार सुटणार होता, आणि तो सराईत पाय शेकत बसणार होता. उद्या प्रार्थनाघरात सांगू, असं तिनं ठरवलं. अजून एक अख्खा दिवस होता.

रविवारी प्रार्थनाघरात पाद्रीबाबा बराच वेळ बोलले. जेरुशाला त्यातलं काही आठवलं नाही. ती पुढच्या बाकावरच्या पितळी बटणांकडं आणि मागच्या बाकांवरच्या पुरुषांच्या मानांकडं बघत राहिली. एकही मान हलत नव्हती. दुपारच्या सुटीत लोक शेजारच्या खोपट्यात थंड घेवडा खायला जमले. पुरुष एका कोपऱ्यात होते, ओबेड मध्ये. कुणी आवाज चढवत नव्हतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली. ही माणसं हवापाण्यावरून तावातावानं भांडत. आज कुजबुजत होती.

असाहेल तिच्याजवळ आला. "काजळी लागंल," तो खाली बघून म्हणाला. "चरबीत कालवून ठेव. मावळलं की."

"कशापायी?"

"तोंडाला. कोन कोन व्हतं, ते कळू नये म्हून."

"मारून टाकनार हायसा?"

"न्हाई गं. छड्या. झाडं तोडलीत तितक्या." त्यानं दुखरं बोट चोळलं. "तू सांगू नगंस त्याला, असं मी म्हनत न्हाई. तुजा भाऊ हाय. पन त्यो उद्या गेला ना, तर परवा शिपाई घिऊन यील."

तो गेला. नवऱ्यानं ओरडून बजावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं सगळं तिच्यावर टाकलं होतं. त्याचा तिला फार राग आला.

लिफ घोड्याच्या खोगिराचा पट्टा बघत होता. जेरुशा चिखल चुकवत त्याच्यापाशी गेली.

"लिफ, आज सांजच्याला—"

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "त्या माळ्यावरच्या फळ्यांना हात लावू देऊ नकोस. उद्या गाडी पाठवून उचलतो. जप्तीत दाखवाव्या लागतील. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हातारी जायच्या वाटंवर हाय, लिफ. चार दिस, न्हाईतर आठ."

"मग जोडफळीची करा." त्यानं पट्टा ओढून बसवला. "मातीत गेल्यावर काय फरक पडतो, अक्का? सगळं जग जोडफळीतच जातं."

जेरुशा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं काहीतरी हलेल, असं तिला वाटत होतं. गोठ्याच्या फळ्या, फाटलेला फडका, फटीत कोंबताना बोटात गेलेली तिची कुसळं, काहीतरी. काहीच हललं नाही. तो विसरला नसता आणि तसं बोलला असता, तर तिनं एक वेळ माफ केलं असतं.

"सांजच्याला काय म्हणत होतीस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "गारठा पडंल. कोट घाल."

तिसऱ्या प्रहरी ती घरी आली आणि तेव्हापासून तिचं लक्ष सूर्यावरून हटलं नाही. म्हातारीला पेज भरवताना दोनदा सांडली. धुराड्यातली काजळी काढणं हे रविवारचं काम नव्हे, म्हणून ती हात मांडीखाली घेऊन बसली आणि काम नसल्यानं जीव आणखी खालीवर झाला. पुढं काही सालांनी या मुलखात राजाविरुद्ध बंदुका निघाल्या, तेव्हा शहाणीसुरती माणसं म्हणायची की हे सगळं चहावरून पेटलं. कोल्डब्रुकच्या बायका त्यावर नाक मुरडत. त्या दिवशी त्या साऱ्याजणी आपापल्या खिडकीशी अशाच बसल्या होत्या.

सूर्य टेकडीच्या वर हातभर राहिला तेव्हा मात्र तिला राहवेना. तिनं शाल घेतली आणि बाहेर पडली. सराई ओढ्यापलीकडे होती, चालत गेली असती तर पोचली असती. कुंपणापाशी तिचा पाय घोट्याच्या वर रुतला. तिनं ओढला तर पाय निघाला आणि बूट आतच राहिला. ती वाकून चिखलात हात घालून बूट शोधू लागली. बूट लगेच हाताला लागला. तरी ती वाकलेलीच राहिली. जायचं तर अनवाणीही जाता येत होतं, हे तिला कळत होतं. मान वर केली तेव्हा टेकडीवर नुसता पिवळा पट्टा उरला होता.

ती घरात आली, धुराड्यात हात घातला आणि चरबीच्या मडक्यात काजळी कालवू लागली. असाहेलनं वाकून तोंड पुढं केलं. तिनं त्याच्या कपाळाला, गालांना, दाढीच्या खुंटांना काळं फासलं. तो बिचकत होता, चरबी गार होती म्हणून. दारात आणखी दोन काळी तोंडं आली. उंचीवरून ओबेड ओळखू येत होता, पण तिनं ओळख दाखवली नाही. त्यांच्या हातात पाइनच्याच ओल्या डहाळ्या होत्या.

मग ते गेले आणि वाट पाहणं उरलं. सराईकडून एकदा घोडा किंचाळल्याचा आवाज आला, पुष्कळ वेळ.

"जनावराला कशाला?" म्हातारी पुटपुटली.

मागच्या दाराला काहीतरी घासलं. जेरुशानं अडसर काढला. लिफ चौकटीला धरून उभा होता. सदरा पाठीला चिकटला होता, कोट हातात होता. मागं घोडा मान झटकत होता आणि त्याचे दोन्ही कान कापलेले होते.

"अक्का," तो म्हणाला, "लई दुखतंय गं."

इस्त्रीची बोली गळून पडली होती. तिनं त्याला बाकावर पालथं निजवलं, कोमट पाण्यानं सदरा सोडवला. पाठीवर बोटभर जाडीचे वळ उठले होते, काही फुटले होते. तो लहानपणी ताप आल्यावर कण्हायचा तसाच कण्हत होता. ती म्हणत होती, "असू दे, असू दे," आणि त्या क्षणी ती फक्त त्याची बहीण होती.

"मावळलं की सुटतो," तो बाकात तोंड खुपसून म्हणाला. "रविवार. आई म्हनायची न्हवं? मी पार इसरलो. त्यांनी खोलीत शिरून सांगितलं, रविवार झाला, चल." तो थांबला. "तू दुपारी सांजच्याला म्हनालीस. सांजच्याला काय, अक्का?"

वळांना लावायला जेरुशानं फळीवरचं चरबीचं मडकं घेतलं, सवयीनं दोन बोटं बुडवली आणि त्याच्या पाठीवर फिरवली. पाठीवर काळा पट्टा उमटला. तिच्या ध्यानात यायच्या आत त्यानं मान वळवून तिचा हात पाहिला. बोटं काळी, नखं काळी, मनगटापर्यंत काळं. सराईत त्याच्यावर वाकलेली तसलीच काळी तोंडं त्यानं नुकतीच पाहिली होती.

तो उठून बसला. सदरा ओढून घेतला. तिनं मदतीला हात पुढं केला, तर तो मागं सरकला. उघड्या जखमांवर त्यानं कोट चढवला, एकेक बटण लावलं. लावताना दात चावत होता.

"कोट घाल म्हणाली होतीस," तो म्हणाला. बोली परत बंदरावरची झाली होती. "गारठा आहे खरा."

तिला म्हणायचं होतं, आईच्या पेटीच्या फटी आठवतात का रे. म्हणायचं होतं, थांब, पहाटे जा. पण आता ती काहीही म्हणाली तरी ते त्या हातांसकट ऐकलं जाणार होतं. घोड्याच्या टापा चिखलात पचपचत बंदराच्या वाटेला लागल्या.

असाहेल आला तेव्हा ओढ्यावर तोंड धुऊन आला होता. कानामागं काळं राहिलं होतं. त्यानं दारातल्या नालांच्या खुणा पाहिल्या, बाकावरचं लाल पाणी पाहिलं.

"कोन आलं व्हतं?"

"राजाचा मानूस," जेरुशा म्हणाली.

खाटेवरून थँकफुल म्हातारीनं छातीतली घरघर आवरली.

"भाऊ म्हन, बये," ती म्हणाली. "म्हंजी रडता तरी यील."

जेरुशानं चुलीतली राख मुठीत घेतली, मडकं मांडीत धरलं आणि घासायला बसली. घासता घासता ती रडली.